गुणवत्ता यादीतून प्रतिनिधी मिळत नाही

त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या बाजूला किंवा पलीकडे पेठ-सुरगाण्यात कॉलेजातल्या निवडणुकांचा विषय काढला की एक उत्तर ठरलेले असते. ‘आपल्याकडची मुलं गरीब घरची, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली. त्यांना शिकू द्या. निवडणुका, प्रचार, घोषणा हे सगळं पुण्या-मुंबईच्या मुलांना परवडतं.’ हे बोलणारे प्राचार्य असतात, प्राध्यापक असतात, संस्थांचे संचालक असतात आणि कित्येकदा पालकही असतात. त्यांच्या बोलण्यात कळकळ असते, हे मी नाकारत नाही. पण या कळकळीच्या आडून महाराष्ट्राने तीस वर्षांहून अधिक काळ आपल्या विद्यार्थ्यांचा एक साधा हक्क अडकवून ठेवला आहे, आणि त्याची सर्वांत जड किंमत त्र्यंबकसारख्या भागातली मुले मोजत आहेत. म्हणून या उत्तराचा प्रतिवाद मला करायचा आहे.

निवडणुका का बंद झाल्या, हे आधी सांगायला हवे. १९८०च्या दशकात मुंबईतल्या कॉलेजांच्या निवडणुका खरोखर हाताबाहेर गेल्या होत्या. पैसा वाहत होता, बाहेरचे गुंड आवारात येत होते. १९८९ मध्ये ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा मुंबईत खून झाला आणि राज्य हादरले. मुलाला कॉलेजात पाठवणाऱ्या आईबापांची भीती खोटी नव्हती. त्या वातावरणातून १९९४चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि त्याच्या कलम ४० ने कॉलेजातली मतपेटी काढून टाकली. प्रत्येक वर्गातून, आधीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी प्राचार्यांनी नेमायचा. खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजना यांतून एकेक नेमायचा. दोन विद्यार्थिनी, त्याही प्राचार्यांनीच नेमायच्या. मग या नेमलेल्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. मुले त्याला आधीसारखेच जीएस म्हणत राहिली, पण त्याला मत दिलेले कोणी वर्गात उरले नव्हते. गुंडगिरी करणाऱ्यांना शिक्षा करायची ती राहिलीच, आणि मतदारांनाच घरी पाठवले गेले.

या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात, हुशार मुलगा परिषदेवर आला तर बिघडले काय? बिघडते ते असे. वर्गात पहिला आलेला मुलगा अभ्यासात पुढे आहे, एवढेच गुणपत्रिका सांगते. तो इतरांचे म्हणणे ऐकतो का, ते प्राचार्यांपुढे न घाबरता मांडतो का, नकार मिळाला तर पुन्हा जातो का, यातले काहीही त्या कागदावर लिहिलेले नसते. वर्गाने त्याला पाठवलेले नसते, म्हणून वर्ग त्याला जाब विचारू शकत नाही. ज्यांनी नेमले त्यांच्याशीच त्याची बांधिलकी राहते. त्यात त्या मुलाचा दोष नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या कुणालाही आपली नेमणूक करणाऱ्या माणसाविरुद्ध उभे करणे हेच मुळात अन्यायाचे आहे.

त्र्यंबकमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार होतो. इथे वर्गात पहिले कोण येते? बहुधा ज्याचे घर गावात आहे, ज्याला सकाळच्या तासाला बसायला मिळते, ज्याच्याकडे पुस्तके आहेत, तो. डोंगरापलीकडच्या पाड्यावरून येणारी मुलगी पावसाळ्यात पहिले दोन तास गाठू शकत नाही, कारण एसटी वेळेवर येत नाही आणि कधी कधी येतच नाही. भाताच्या आवणीच्या दिवसांत तिला शेतावर थांबावे लागते. ती पहिली येणार नाही. पण बसच्या वेळेबद्दल, हजेरीच्या अटीबद्दल, विद्यार्थिनींच्या स्वच्छतागृहाबद्दल बोलायचे असेल तर त्या वर्गात तिच्याइतके जाणणारे दुसरे कोणी नाही. गुणवत्ता यादी नेमके तिलाच बाहेर ठेवते. शंभर मुलांच्या वर्गात अशा साठ मुली-मुले असतील तर त्यांच्या मतांनी तिला निवडून आणता येते. गुणांनी ते कधीच होणार नाही.

हे माझ्या एकट्याचे मत असते तर सोडून देता आले असते. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्र सरकारने माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २००६ मध्ये आला आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला न्यायालयाने त्याच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. जिथे वातावरण खरोखरच बिघडलेले आहे तिथे तात्पुरती नेमणुकीची पद्धत ठेवावी, असे समितीने मान्य केले. पण त्याच ओघात तिने बजावले की ही नेमणूक निव्वळ परीक्षेतल्या गुणांवर करू नये, आणि सर्व संस्थांनी पाच वर्षांत नेमणुकीकडून निवडणुकीकडे वळावे. ती पाच वर्षे २०११ मध्ये संपली. महाराष्ट्रात मात्र समितीने नको म्हटलेली पद्धतच कायद्याच्या पुस्तकात आणखी काही वर्षे बसून राहिली.

आणि त्या पद्धतीने हिंसा तरी थांबवली का? कॉलेजातल्या जुन्या माणसांना ‘यूआर’ हा शब्द आठवत असेल. विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचा तो या पंधरा-वीस नेमलेल्या मुलांनी. मग त्या पंधरा-वीसांना सहलीला नेणे, लॉजवर ठेवणे, घरच्यांकडून दबाव आणणे, पळवणे, हे प्रकार सुरू झाले. दीड हजार मुलांच्या कॉलेजात दीड हजार मते फिरवणे अवघड असते; वीस मते फिरवायला एक गाडी आणि दोन दिवस पुरतात. मतदार जितके कमी तितका पैशाचा आणि धाकाचा जोर जास्त, हे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष निवडताना आपण सगळ्यांनी पाहिले आहे. थेट निवडणूक धोक्याची आणि अप्रत्यक्ष निवडणूक सुरक्षित, हा समज अनुभवाच्या उलट आहे.

शेवटी कायदा बदलला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९९ ने अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने येणारा प्रतिनिधी यांना सर्व विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडायचे ठरवले. वर्गाचा प्रतिनिधीही वर्गानेच निवडायचा. २०१८ च्या ऑक्टोबरात परिनियम निघाले, पक्षांची नावे आणि चिन्हे वापरायला बंदी घातली गेली. २०१९ मध्ये तारखाही ठरल्या. मग विधानसभेची निवडणूक जवळ आली म्हणून त्या पुढे ढकलल्या गेल्या. त्यानंतर कोविड आला. कोविड गेला, वर्ग भरले, परीक्षा झाल्या, गॅदरिंग झाली. मधल्या काळात सरकारे बदलली आणि मंत्र्यांनी निवडणुका घेऊ असे पुन्हा पुन्हा सांगितले. कायदा आणणारे तेव्हाचे शिक्षणमंत्री विनोद तावडे आणि नंतर २०२२ मध्ये उच्च व तंत्रशिक्षण खाते घेणारे चंद्रकांत पाटील हे दोघेही अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेत घडलेले. विद्यार्थी चळवळीने ज्यांना सार्वजनिक आयुष्यात आणले, त्यांच्या हातून तरी हे काम अडायला नको होते. विधानसभेची निवडणूक आहे म्हणून कॉलेजची निवडणूक नको, हे कारण एका वर्षापुरते समजण्यासारखे आहे. त्याच्यावर पिढ्या काढता येत नाहीत. पदवीचा विद्यार्थी कॉलेजात तीन वर्षे असतो. २०१९ साली प्रथम वर्षाला आलेली तुकडी एकदाही मतदान न करता बाहेर पडली, आणि तिच्यामागच्या तुकड्यांचेही तेच झाले.

आता ‘राजकारण शिरेल’ या आक्षेपाकडे येऊ. त्र्यंबकेश्वरचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय चालवते ती मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था १९१४ सालची. बहुजन समाजाच्या मुलांसाठी नाशिक जिल्ह्यात तिने जे उभे केले, त्याबद्दल मला आदर आहे. या संस्थेचे पदाधिकारी कसे ठरतात? सभासदांच्या मतांनी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या निवडणुकीत जिल्हाभर पॅनेले उभी राहिली, तालुक्या-तालुक्यांत सभा झाल्या, प्रचार झाला आणि सभासदांनी सत्ताबदल केला. नितीन ठाकरे सरचिटणीस झाले. ही लोकशाही आहे आणि ती चांगलीच आहे. प्रचार तापला म्हणून सभासदांचा मताधिकार काढून घ्या, असे कोणी म्हणाले नाही. मग त्याच शिक्षणाच्या जगात, ज्याच्यासाठी ते सगळे उभारले त्या विद्यार्थ्याच्याच बाबतीत मतदान धोक्याचे कसे ठरते? दोष त्या संस्थेचा नाही. निवडणुकांचे वेळापत्रक काढायचे काम शासनाचे आणि विद्यापीठाचे आहे. मला दाखवायचे ते एवढेच की निवडणुकीची भीती आपण फक्त मुलांपुरती राखून ठेवली आहे.

विद्यापीठाच्या अधिसभेतही हेच दिसते. नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांसाठी पॅनेले पडतात, पक्ष उघडपणे मागे उभे राहतात. मुंबई विद्यापीठात ही निवडणूक रखडली, उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २४ सप्टेंबर २०२४ रोजी झाली, तेव्हा दहाच्या दहा जागा युवा सेनेने जिंकल्या. म्हणजे राजकारण विद्यापीठात आहेच. ते पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या जागांवरून आत येते. त्याच अधिसभेत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षासाठी आणि सचिवासाठी कायद्याने राखलेल्या जागांवर मुलांनी निवडून दिलेले कोणी बसत नाही. आज शिकणाऱ्याचे मत तेवढे बाहेर राहिले आहे.

‘त्यांना शिकू द्या’ या वाक्याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. त्र्यंबकेश्वर तालुक्यात महादेव कोळी, ठाकर, वारली, कोकणा, कातकरी ही वस्ती मोठी आहे आणि तालुक्यातली बरीच गावे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. तिथे १९९६चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. या कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजाबद्दल, सावकारीबद्दल, दारूच्या दुकानाबद्दल, आदिवासींच्या जमिनीबद्दल बोलण्याचा अधिकार दिला. त्या ग्रामसभेत बसायला वय लागते अठरा. म्हणजे द्वितीय वर्ष कलाशाखेतली मुलगी आपल्या पाड्याच्या ग्रामसभेत हात वर करून गावात दारूचे दुकान नको म्हणू शकते. ती सरपंच, आमदार, खासदार निवडते. सकाळी नऊला कॉलेजच्या फाटकातून आत आली की मात्र तिची समज कमी पडते, असे आपण धरून चालतो. जिच्या निर्णयावर कायद्याने गौण वनोपज सोपवले, तिच्यावर वर्गप्रतिनिधीची एक चिठ्ठी सोपवायला आपण घाबरतो. याला काळजी म्हणता येणार नाही. हा अविश्वास आहे, आणि तो गरीब मुलांच्या वाट्याला जास्त येतो.

निवडून आलेली परिषद करणार काय, असेही विचारले जाते. गॅदरिंग आणि ट्रॅडिशनल डे यापलीकडे परिषदेचे काम मुलांना कधी दिसलेलेच नाही, म्हणून हा प्रश्न पडतो. उत्तर कायद्यातच आहे. कलम ९७ प्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. कॉलेजचा विकास आराखडा, वार्षिक अंदाजपत्रक, नवे खर्च, विद्यार्थी कल्याणाची कामे यांच्यावर ती चर्चा करते, वर्षातून किमान चार वेळा बसते, आणि तिच्यात विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष व सचिव हे सदस्य असतात. ही दोन खुर्च्यांची जागा फार मोलाची आहे. प्रवेशाच्या वेळी मिळणारी फीची पावती काढून पाहा. जिमखाना, स्नेहसंमेलन, नियतकालिक, विद्यार्थी कल्याण, आपत्ती व्यवस्थापन, अश्वमेध असे कितीतरी रकाने तिच्यात असतात. मजुरी करून भरलेले ते पैसे कुठे गेले, जिमखान्यात नवी जाळी आली का, ग्रंथालय परीक्षेच्या काळात उशिरापर्यंत उघडे का राहत नाही, ‘कमवा व शिका’चे मानधन किती महिने थकले, महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज कॉलेजच्या लॉगिनला का अडकले, हे विचारण्याची जागा ती समिती आहे. तिथे नेमलेला विद्यार्थी बसला तर सही करतो. निवडून आलेला बसला तर बाहेर त्याची वाट पाहणारा वर्ग असतो आणि त्याला उत्तर घेऊनच बाहेर यावे लागते.

नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी परिषद आहे का, समित्यांवर विद्यार्थी आहेत का, याची विचारणा होते. अहवालांत त्या रकान्यात छान मजकूर असतो. मी प्राध्यापक मित्रांना कळकळीने सांगतो, तो रकाना भरताना एकदा वर्गात जाऊन विचारा की परिषदेचा सचिव कोण आहे. किती हात वर होतात ते पाहा.

बोलण्याची अधिकृत जागा नसली की काय होते, ते नाशिकने पाहिले आहे. ५ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने आदिवासी वसतिगृहांतल्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या बँक खात्यात टाकायचे ठरले. पैसे वेळेवर आले नाहीत तर उपाशी राहायचे का, स्वयंपाक करायचा तर कुठे, अभ्यास कधी, हे साधे प्रश्न होते. निर्णय आधी झाला, प्रश्न मागून विचारावे लागले. त्या जुलैत आदिवासी मुला-मुलींनी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी मोर्चा काढला आणि सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोटे इथे पोलिसांनी तो अडवला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात रिफेक्टरीतल्या जेवणावरून मुले उभी राहिली आणि ते प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेले. वसतिगृहे आदिवासी विकास विभागाची, विद्यार्थी परिषदेच्या कक्षेबाहेरची, हे मला ठाऊक आहे. पण पुणे विद्यापीठाखालच्या पुणे, नगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या मुलांनी निवडलेले परिषदांचे अध्यक्ष त्या वेळी असते, तर आयुक्तांना चर्चेला बोलवायला कोणीतरी होते. ते नव्हते, म्हणून मुलांच्या बाजूने त्यांचे पाय बोलले. ताटातल्या भातासाठी मुलांना पावसात महामार्गावर चालावे लागते, तिथे निवडणुकीमुळे अभ्यास बुडेल हा युक्तिवाद करायला जीभ कशी रेटते?

पुढचा प्रसंग तर दारातच उभा आहे. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि अमृतस्नानाच्या पहिल्या दोन पर्वण्या २ ऑगस्ट व ३१ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे ऐन पहिल्या सत्रात आहेत. त्या दिवसांत नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर वाहतूक नियोजन असेल, गावात पाय ठेवायला जागा नसेल. कॉलेजचे तास, अंतर्गत परीक्षा, हजेरी, गावाबाहेरून येणाऱ्यांच्या बसगाड्या या सगळ्याची घडी बदलेल. स्वयंसेवक म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेची मुले मागितली जातील आणि ती आनंदाने येतीलही. पण त्यांच्या राहण्या-जेवणाचे, मुलींच्या सुरक्षिततेचे, बुडालेल्या तासांचे काय, हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांच्या वतीने बोलणारा कोण असेल? आखाड्यांशी चर्चा होते, पुरोहित संघाशी होते, व्यापाऱ्यांशी होते. ती व्हायलाच हवी. विद्यार्थ्यांशी करायची तर आज प्रशासनाला पत्ताच सापडणार नाही.

एक चिंता मात्र मी रास्त मानतो. निवडणूक आली की गावातले पुढारी मुलांच्या खिशात हात घालतील, भाऊबंदकी आणि जात आवारात येईल. याला रोखणारे नियम लिहून ठेवलेले आहेत. लिंगडोह समितीने उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा घातली, छापील फलकांना मनाई केली, पंचाहत्तर टक्के हजेरी मागितली, पदवीच्या उमेदवारासाठी वयाची मर्यादा १७ ते २२ ठेवली आणि सगळी प्रक्रिया दहा दिवसांत उरकायला सांगितली. हाताने लिहिलेला फलक तर त्र्यंबकच्या मुलालाही परवडतो. पवईच्या आयआयटीत दरवर्षी विद्यार्थी आपले जनरल सेक्रेटरी मतांनी निवडतात. शेजारच्या गोव्यात महाविद्यालयांत निवडणुका होतात, कधी भांडणेही होतात, आणि ती मिटवून पुढच्या वर्षी पुन्हा मतदान होते. भांडण झाले म्हणून तिथे कोणी तीस वर्षांचे कुलूप लावले नाही. महाराष्ट्रातल्या नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुकाही वर्षानुवर्षे अडल्या होत्या. त्या घ्या असे २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. विद्यार्थ्यांकडे न्यायालयात जायला वकिलाचे पैसे नाहीत आणि थांबायला वेळही नाही. तिसऱ्या वर्षी ते निघून जातात.

त्र्यंबक रस्त्याने नाशिकहून येताना महिरावणीला खासगी विद्यापीठ लागते. तिथे २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठांचा हा कायदा लागूच नाही. अशा विद्यापीठांची संख्या राज्यात वाढते आहे. सार्वजनिक विद्यापीठांत कायदा असून निवडणूक होत नसेल, तर खासगी विद्यापीठातल्या मुलाने कोणाकडे बोट दाखवून आपला हक्क मागायचा? म्हणूनच हा प्रश्न एका कॉलेजचा किंवा एका तालुक्याचा राहत नाही.

माझ्या मागण्या दोन आहेत. उच्च व तंत्रशिक्षण विभागाने येत्या सत्राच्या सुरुवातीला कलम ९९ प्रमाणे वेळापत्रक काढावे आणि कोणत्याही दुसऱ्या निवडणुकीच्या कारणाने ते मागे घेऊ नये. दुसरे मागणे प्राचार्यांकडे आहे, आणि त्यासाठी मंत्रालयाच्या पत्राची गरज नाही. वेळापत्रक निघेपर्यंत नेमणूक तुम्हालाच करायची असेल तर जुलैत एक दिवस ठरवा, प्रत्येक वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, मुलांना नाव लिहू द्या, सर्वांसमोर मोजा आणि जे नाव निघेल तेच नेमा. मग त्या मुलांतल्या दोघांना विकास समितीच्या पहिल्या बैठकीला बोलवा आणि अंदाजपत्रकाचा कागद त्यांच्या हातात द्या.